पर्यावरणपूरक वास्तुकलेत पदव्युत्तर शिक्षण : अभ्यासक्रम कशावरून निवडावा?

ओळंबा

नमस्कार. वास्तुकलेची पदवी घेऊन मला पाच वर्षे झाली. तेव्हापासून एका मध्यम आकाराच्या कार्यालयात काम करतो आहे आणि आता पर्यावरणपूरक वास्तुकलेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे मनाने घेतले आहे. हा विचार एका इमारतीमुळे पक्का झाला, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

ती चार मजली कार्यालयीन इमारत होती आणि मालकांना तिच्यासाठी हरित प्रमाणपत्र हवे होते. गुणांचा तक्ता सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. सायकली ठेवण्याची जागा, कमी पाण्याचे नळ, पुनर्वापर केलेल्या मालाची टक्केवारी अशा एकेका ओळीपुढे गुण जमा होत गेले. पश्चिमेची जमिनीपासून छतापर्यंतची काच मात्र पहिल्या चित्रात होती तशीच शेवटपर्यंत राहिली, कारण मालकांना तो दर्शनी भाग आवडला होता आणि काच चांगल्या प्रतीची घेतली की गुण अडत नव्हते. प्रमाणपत्र मिळाले. पहिल्याच उन्हाळ्यात मी किरकोळ दुरुस्तीसाठी तिथे गेलो, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. काचेलगतची टेबले दीड-दोन मीटर आत ओढलेली होती, सगळे पडदे खाली होते आणि बाहेर लख्ख ऊन असताना छतातले सगळे दिवे चालू होते. त्या काचेच्या चौकटीचा तपशील मीच काढला होता. ती गळत नाही, एवढेच तिच्याविषयी चांगले सांगता येईल.

सध्या दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. पहिला अभ्यासक्रम एका वर्षाचा असून त्याचा भर इमारतीतील उष्णता, प्रकाश, वायुवीजन आणि त्यांच्या संगणकीय सिम्युलेशनवर, म्हणजे इमारत कशी वागेल याचा संगणकावर अंदाज काढण्यावर आहे. दुसरा दोन वर्षांचा आहे. त्यात माती, चुना, बांबू, लाकूड अशा साहित्यावर कार्यशाळेत प्रत्यक्ष काम करावे लागते आणि शेवटी एक लहान बांधकाम पूर्ण करावे लागते. मन दुसऱ्याकडे ओढते, पण व्यवसायात परतल्यावर पहिलाच उपयोगी पडेल, असे सहकारी सांगतात. मला भीती वेगळीच आहे. दोन्हींकडून मी केवळ नवी शब्दावली घेऊन परत येईन आणि पुढच्या इमारतीची पश्चिमेची काचही तशीच राहील. या वाटेने गेलेल्यांनी कृपया मत द्यावे.

कडीपाट

मी गेली बारा वर्षे अशाच एका अभ्यासक्रमात शिकवतो आणि प्रबंधांना मार्गदर्शन करतो. त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असणार, हे धरूनच वाचा.

माहितीपत्रकांवर वेळ घालवू नका, कारण सगळ्यांची भाषा एकाच साच्यातली असते. दोन्ही विभागांना पत्र लिहा आणि मागच्या तीन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षके व त्यांतले दोन-तीन पूर्ण प्रबंध मागवा. त्यांत पाहायचे ते एवढेच की, विद्यार्थ्याने उभ्या इमारतीत जाऊन काही मोजले आहे का, आणि मोजलेले त्याच्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले तेव्हा त्याने काय केले. ज्या विभागातले सगळेच प्रबंध गृहीतक सिद्ध झाल्याच्या समाधानात संपतात, तिथे काहीतरी पाणी मुरते आहे, असे मी समजतो.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने जाड भिंतींच्या जुन्या घरात तापमान नोंदवणारे लॉगर तीन आठवडे लावून ठेवले होते. आलेख सुरेख आला. बाहेरचे तापमान दिवसभर वरखाली होत होते आणि आतली रेघ जवळजवळ सपाट होती. फक्त रोज दुपारी साडेचारच्या सुमारास आतली रेघ चार अंशांनी उसळत होती आणि चाळीस मिनिटांनी खाली येत होती. त्याने त्या उसळीवर दोन पाने लिहून आणली. दिवसभर तापलेल्या भिंतीतील उष्णता काही तासांच्या विलंबाने आत पोचते, तीच ही, असे त्याचे म्हणणे होते. स्पष्टीकरण ऐकायला उत्तम होते. परंतु भिंतीतून येणारी उष्णता चाळीस मिनिटांत येऊन जात नाही, तिला तास लागतात. मी त्याला त्या खोलीत साडेचार वाजता नुसते बसायला सांगितले. तो बसला आणि वरच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा कवडसा बरोबर लॉगरवर पडताना त्याने पाहिला. दोन पाने रद्द झाली. पुढची मोजमापे त्याने स्वतः बनवलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशात घेतली आणि 'मापनातील चुका' असे एक प्रकरण प्रबंधाला जोडले. परीक्षकांना तेच सर्वांत जास्त आवडले.

सिम्युलेशनचा अभ्यासक्रम असा चालत असेल, तर तो 'कोरडा' आहे म्हणून नाकारू नका.

चुनाघाणी

कडीपाट यांच्याशी मोजण्याच्या मुद्द्यावर सहमत आहे, पण मोजणे फक्त लॉगरने होते असे नाही, म्हणून दुसऱ्या अभ्यासक्रमाची बाजू मांडते. मी स्वतः मातीच्या बांधकामाचा विशेष अभ्यास केला आहे.

हे शिक्षण म्हणजे सुट्टीतले शिबिर नव्हे. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे क्रातेर ही संस्था १९७९ पासून मातीच्या बांधकामावर संशोधन करते आहे, आणि तिथल्या वास्तुकला विद्यालयात या विषयाचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण मिळते. वेल्समध्ये सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजी १९७३ मध्ये पाटीच्या दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत सुरू झाले; तिथल्या वर्गांसाठी २०१० मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत गोल व्याख्यानगृहाच्या भिंती धुम्मस मारून घट्ट केलेल्या मातीच्या आहेत. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच बुर्किना फासोतील गांडो या आपल्या गावासाठी शाळा उभी केली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली, त्यांची पदवी मात्र २००४ ची. पुढे २०२२ मध्ये त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या शाळेचा उल्लेख सर्वत्र झाला.

आमच्या पहिल्या महिन्यात एकही चित्र काढायला दिले नव्हते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा तिच्यावर सावकाश बसतो आणि चिकणमातीचे गढूळपण खाली यायला दुसरा दिवस उजाडतो; मग थरांची जाडी पट्टीने मोजायची. ओलावा पाहायला मातीचा मुठीएवढा गोळा छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. जसाच्या तसा चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. धुम्मस मारताना सुरुवातीला आवाज बोदा येतो आणि थर पूर्ण दबला की तो खणखणीत होतो. हे कान तयार व्हायला मला तीन आठवडे लागले. तोवर माझे सगळे नमुने कोपऱ्यांवर ढासळत होते. या ढासळण्यातून जे कळते, ते तयार भिंतीचे छायाचित्र पाहून कळत नाही.

ओळंबा, तुमच्या चौकटीचा तपशील चुकला नव्हता, तुमचा इमारतीशी संबंधच तपशिलापुरता ठेवला गेला होता. बांधून पाहणाऱ्या माणसाला 'हे असे का?' असे विचारण्याची सवय लागते.

वातायन

चुनाघाणी यांचा प्रतिसाद मनापासून आवडला, तरी एक कळीचा मुद्दा त्यातून निसटला आहे, असे मला वाटते.

माती थंड असते, हे वाक्य अर्धेच खरे आहे. तीनशे मिलिमीटर जाडीच्या घट्ट मातीच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे सुमारे दोन वॅट उष्णता जाते. पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतीतून त्याच हिशेबाने त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच जाते. म्हणजे मातीची भिंत उष्णतेला अडवत नाही, ती उष्णता साठवते आणि उशिरा सोडते. दिवस तापतो आणि रात्र चांगली गार होते, अशा हवामानात हा उशीर वरदान ठरतो. जिथे रात्रही दिवसाइतकीच दमट आणि उबदार असते, तिथे ती भिंत रात्री झोपायच्या वेळी अंगावर उष्णता सोडत राहते. अशा ठिकाणी हलकी भिंत, मोठी सावली आणि वारा अधिक कामाचा. दीर्घ हिवाळ्याच्या प्रदेशात तर नुसत्या मातीच्या भिंतीने घर गरम ठेवता येत नाही, तिला इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराची जोड द्यावी लागते. साहित्याच्या प्रेमातून निघालेल्या अभ्यासक्रमांत हा हिशेब अनेकदा शेवटच्या सत्रातल्या एका व्याख्यानावर भागवला जातो.

झिम्बाब्वेतील हरारेच्या ईस्टगेट सेंटर या इमारतीचे उदाहरण या विषयाच्या प्रत्येक वर्गात येते. वास्तुविशारद मिक पिअर्स यांची ही इमारत १९९६ मध्ये पूर्ण झाली आणि ती वाळवीच्या वारुळावरून सुचली, हे सगळ्यांना पाठ असते. वारुळातली हवा धुराड्यासारखी तळातून वर खेचली जाते, ही तेव्हाची समजूत नंतरच्या संशोधनात टिकली नाही. वारुळाचे काम बऱ्याच अंशी फुप्फुसासारखे, वाऱ्याच्या झुळकांवर चालते, असे दिसून आले. इमारत मात्र व्यवस्थित चालते, कारण हरारे सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथल्या रात्री गार असतात, आणि रात्री पंख्यांनी ती गार हवा मजल्यांच्या फरशीखालच्या पोकळ्यांतून फिरवून काँक्रीट थंड केले जाते. ही इमारत उचलून दमट किनाऱ्यावर ठेवली तर वाळवी मदतीला येणार नाही. ज्या अभ्यासक्रमात वारुळाची गोष्ट सांगून थांबतात आणि ज्यात रात्री-दिवसाच्या तापमानाचा फरक मोजायला लावतात, त्या दोहोंत मी दुसरा निवडीन.

चुनाघाणी

वातायन, मान्य आहे. पण मग हिशेब पूर्णच करू या, कारण तो आम्हाला कार्यशाळेतच शिकवला होता.

घट्ट केलेल्या मातीच्या भिंतीचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन असते. टिकाऊपणासाठी तिच्यात ८ टक्के सिमेंट मिसळण्याची पद्धत आहे. म्हणजे दर घनमीटरला १६० किलो सिमेंट झाले. साध्या काँक्रीटच्या घनमीटरमध्ये ते तीनशे किलोच्या आसपास असते. इथवर माती जिंकली असे वाटते. आता जाडी धरा. मातीची भिंत साडेतीनशे मिलिमीटरची आणि काँक्रीटची दोनशेची असेल, तर चौरस मीटरमागे मातीच्या भिंतीत ५६ किलो आणि काँक्रीटच्या भिंतीत ६० किलो सिमेंट बसते. मातीचा रंग आणि काँक्रीटइतके सिमेंट! आमच्या गुरूंनी हे गणित फळ्यावर मांडले, त्या दिवशी वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. काँक्रीटच्या भिंतीत पोलाद वेगळे असते हे खरे, पण मुद्दा ध्यानात यावा.

सिमेंटचा प्रश्न मुळाशी रसायनाचा आहे. शुद्ध चुनखडीचे १०० किलो भाजले की ५६ किलो कळीचा चुना हाती येतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग भट्टी लाकडावर चालवा की सौर ऊर्जेवर. हे चुन्यालाही लागू आहे, हे माझ्या नावाला जागून कबूल करते. चुना भिंतीत हवेतला वायू हळूहळू परत शोषतो, पण भट्टीच्या इंधनाचा धूर काही परत येत नाही. म्हणून पाया आणि छपराची पागोळी नीट केली तर सिमेंटशिवायची माती कुठवर तग धरते, हा आमच्या अभ्यासाचा खरा विषय होता.

तुळई

एक व्यावहारिक सूचना, जी कोणी देत नाही. या विषयातली एक-दोन वर्षांची पदवी आणि वास्तुविशारद म्हणून नोंदणीसाठी लागणारी पदवी या बऱ्याच देशांत वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत 'मास्टर ऑफ आर्किटेक्चर' ही सहसा व्यावसायिक पात्रतेची पदवी असते आणि 'मास्टर ऑफ सायन्स' ही त्यानंतरची विशेष अभ्यासाची. याउलट लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये शाश्वत पर्यावरणीय आरेखनाच्या एकाच अभ्यासक्रमात बारा महिन्यांची एम.एससी. आणि सोळा महिन्यांची एम.आर्च. अशा दोन्ही पदव्या आहेत, आणि तिथल्या या एम.आर्च.चा नोंदणीशी संबंध नाही. पदवीच्या नावावर जाऊ नका. जिथे काम करायचे आहे तिथल्या नोंदणी मंडळाला आधी लेखी विचारा.

झरोका

मी सध्या पहिल्या प्रकारच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण तक्रार करणार आहे.

पहिल्या सत्रात आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक छेदचित्रावर निळे बाण खिडकीतून आत येत होते आणि लाल बाण छतातून बाहेर जात होते. हे बाण काढणे इतके सवयीचे झाले होते की, एकाने तळघरातही काढले होते. कोणी काही म्हणत नव्हते. उलट 'वायुवीजनाचा विचार केला आहे' असे शेरे मिळत होते. दुसऱ्या सत्रात बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी माझ्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "हा बाण तासाला खोलीतली हवा दोनदा बदलतो की दहा वेळा?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी कागदावरच आकडेमोड मांडली: उघडीप केवढी, खालच्या आणि वरच्या उघडीपीत उंचीचे अंतर किती, आत-बाहेर तापमानाचा फरक किती. माझा दिमाखदार बाण वारा नसलेल्या दुपारी जवळजवळ शून्य निघाला, कारण आत आणि बाहेर तापमान सारखेच होते. हवा गरम झाली की वर जाते हे खरे, पण कशाच्या मानाने गरम, हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारलाच नव्हता.

सॉफ्टवेअरविषयी ओळंबा यांनी चिंता करू नये, असे मी म्हणेन. माझ्या एका वर्षातच एका साधनाची आवृत्ती बदलून सगळे मेनू हलले. टिकते ते मॉडेलवर अविश्वास ठेवण्याचे कौशल्य. इमारतीत माणसे किती वाजता येतात, खिडक्या कधी उघडतात, भेगांतून हवा किती येते, हे आपणच भरलेले आकडे असतात, आणि निकालाची दशांश चिन्हापुढची दोन स्थळे पाहून आपणच त्यावर विश्वास ठेवतो. पॅसिव्ह हाउस या अतिशय कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकाचा मला आदर वाटतो तो या कारणासाठी. जर्मनीतील डार्मश्टाटमध्ये १९९१ मध्ये लोक राहायला आले ती पहिली घरे पुढे वर्षानुवर्षे मोजली गेली. गरम ठेवण्यासाठी चौरस मीटरमागे वर्षाला १५ किलोवॅट-तासांची मर्यादा आहेच, पण त्यासोबत दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबावर तासाला घराच्या आतल्या आकारमानाच्या ०.६ पट एवढीच हवा गळते का, हेही बांधकामानंतर तपासावे लागते. ही चाचणी मी पाहिली आहे. पंखा सुरू झाल्यावर विजेच्या बटणांच्या पेटीपाशी, गळती शोधायला सोडलेल्या धुराची रेघ आडवी होऊन वाहू लागते आणि सुतार, वीजतंत्री व आरेखक तिघेही एकमेकांकडे पाहतात.

कडीपाट

झरोका, तळघरातला बाण वाचून हसू आवरले नाही. माझ्याही वर्गात तो येऊन गेला आहे.

तुमच्या प्रतिसादाला एक जोड देतो, कारण सुखद तापमान म्हणजे किती, हेच मुळात वादाचे आहे. डेन्मार्कमधील संशोधक फांगर यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र नियंत्रित खोलीत बसवलेल्या माणसांच्या प्रतिसादांवर आधारलेले होते, आणि त्यावरून जगभरच्या कार्यालयांची तापमाने ठरली. पुढे डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी १६० इमारतींतील सुमारे २१,००० नोंदी एकत्र केल्या. ज्या इमारतींत माणसे स्वतः खिडक्या उघडतात, तिथे त्यांना सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर सरकते, असे त्यांना १९९८ मध्ये दाखवता आले. त्यांचे सूत्र साधे आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणायचे आणि १७.८ मिळवायचे. बाहेर सरासरी ३० अंश असेल तर उत्तर २७.१ येते, आणि त्याच्या साडेतीन अंश वरपर्यंत बहुतेक लोक तक्रार करीत नाहीत. बंद काचेच्या इमारतीला हे सूत्र लावता येत नाही, कारण तिथे खिडकी माणसाच्या हाती नसते. यंत्राने हवा थंड न करता भागेल की नाही, याचा निर्णय पुष्कळदा या तीन-चार अंशांवर ठरतो. म्हणून पदव्युत्तर वर्गात हे सूत्र पाठ करून घेण्यापेक्षा ते कुठे लागू नाही, हे शिकवले जाते का, ते पाहा.

वातायन

आणखी एक गोष्ट चर्चेत यायला हवी. आतापर्यंत आपण सगळे नव्या इमारतीविषयी बोलत आहोत. फ्रान्समधील बोर्दोमध्ये लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी ड्रुओ व हुतँ यांच्यासोबत ५३० सदनिकांच्या जुन्या इमारती पाडू दिल्या नाहीत. त्यांनी त्यांना बाहेरून जवळजवळ चार मीटर खोल काचबंद सज्जे जोडले. कामे चालू असताना लोक आपापल्या घरांतच राहत होते. ज्या काँक्रीटचा धूर अर्ध्या शतकापूर्वीच हवेत गेला आहे, ते पाडून 'ऊर्जाबचतीची' नवी इमारत उभी करणे किती वर्षांनी परवडते, हा हिशेब करायला लावणारे सत्र अभ्यासक्रमात आहे का, ते जरूर विचारा. नसेल तर तो अभ्यासक्रम अजून जुन्या काळात आहे.

आणि इजिप्तचे वास्तुविशारद हसन फाथी यांचे नवे गुर्ना हे गावही विसरू नये. लक्सरजवळ १९४५ ते १९४८ या काळात त्यांनी कच्च्या विटांचे, घुमटांचे, अंगणांचे अतिशय देखणे गाव रचले. जुन्या थडग्यांवरच्या वस्तीतून ज्यांना तिथे हलवायचे होते, त्यांतल्या बहुतेकांनी जायला नकार दिला. त्यांची उपजीविका त्या थडग्यांशी बांधलेली होती. माती निवडण्यात फाथी यांची चूक झाली नव्हती. त्या माणसांच्या स्थलांतराचा निर्णय मात्र त्यांना न विचारता झाला होता, आणि त्यावर लॉगरही चालत नाही, धुम्मसही चालत नाही.

ओळंबा

सर्वांचे आभार. गेल्या सहा आठवड्यांत जे केले ते लिहितो.

दोन्ही विभागांना पत्रे लिहिली आणि प्रबंध मागवले. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाने चार प्रबंध पाठवले. चारही सिम्युलेशनवर आहेत, एकातही प्रत्यक्ष मोजमाप नाही, आणि चारही ठिकाणी सुचवलेला उपाय यशस्वी ठरला आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडून तीन आले. त्यांतला एक बांबूच्या जोडांवर आहे आणि त्यातले अर्धे पान ताकदीच्या चाचणीत निकामी झालेल्या नमुन्यांच्या छायाचित्रांनी भरलेले आहे. दुसऱ्यात त्याच कार्यशाळेच्या आवारात आधीच्या तुकडीने बांधलेल्या खोलीचे वर्षभराचे तापमान मोजले असून, ती हिवाळ्यात राहण्याजोगी नाही, असा निष्कर्ष काढला आहे. आपल्याच विभागाची खोली नापास करणारा प्रबंध, मी नेमका तोच मागितलेला नसताना, त्यांनी पाठवला, हे मला महत्त्वाचे वाटले. तिथे भौतिकशास्त्राचे तास कमी आहेत, हे वातायन यांचे म्हणणे खरे आहे. ते मी विभागप्रमुखांना स्पष्ट लिहिले. दुसऱ्या वर्षी बाहेरच्या विद्यापीठातून उष्णताविषयक एक अभ्यासपत्र घेता येईल, असे त्यांचे उत्तर आले, आणि मी प्रवेश निश्चित केला. नोंदणीच्या पात्रतेत या पदवीने भर पडत नाही, हे मंडळाकडून लेखी कळले आहे, त्याची तयारी ठेवली आहे.

दुसरी गोष्ट त्या पश्चिमेच्या काचेची. मालकांची परवानगी काढून मी तिथे दोन लॉगर ठेवले. एक हवेचे तापमान घेतो. दुसऱ्याचा संवेदक टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून आत बसवला आहे आणि चेंडूला राखाडी रंग दिला आहे, म्हणजे आसपासचे तापलेले पृष्ठभाग माणसाला जसे जाणवतात तसे काहीसे त्याला जाणवतील. कडीपाट यांची गोष्ट लक्षात ठेवून थेट ऊन पडणार नाही अशी जागा शोधायला मी एक पूर्ण दुपार तिथे बसलो. पडदे खाली असताना साडेतीन वाजता हवेचे तापमान २५.५ अंश होते आणि चेंडूतले ३१. भिंतीवरचे यंत्र फक्त हवा पाहते, त्यामुळे त्याच्या लेखी सगळे ठीक होते. तिथे बसणारा माणूस मात्र तापलेल्या पडद्यासमोर बसलेला होता. टेबले का ओढली गेली, ते मला इमारत पूर्ण झाल्यानंतर पावणेदोन वर्षांनी कळले.

बाहेरच्या बाजूने आडव्या-उभ्या झडपा लावता येतील का, याचे एक कच्चे चित्र मी मालकांना दिले आहे. दर्शनी भाग बिघडेल, असे ते म्हणाले. तरी त्यांनी चित्र परत केले नाही. वर्ग सुरू व्हायला अजून अकरा आठवडे आहेत. तोवर चेंडूवाला लॉगर उत्तरेच्या टेबलावर हलवला आहे, म्हणजे तुलनेला दुसरी रेघ मिळेल.

झरोका

चेंडू राखाडी रंगवल्यावर पूर्ण वाळू दिला होता ना? मी दिला नव्हता, आणि माझे पहिल्या दिवसाचे सगळे आकडे थंड आले होते.

ओळंबा

दोन दिवस वाळवला होता. पण पहिल्या दिवसाचे आकडे आता पुन्हा पाहतो.